पाटल्या पेटीतच राहू देत, आधी लेन्सवरचा आकडा बघ

पत्र थोडक्यात : धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणारी सव्वीस वर्षांची आहे. शाळा-कॉलेजात खो-खो खेळायची, गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. आता मामांच्या फोटो स्टुडिओत काम करते. लग्नसराईत हाताला उसंत नसते, पण जीव रमतो तो मैदानावर. स्टुडिओत कॅनन १५००डी कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. गावात जयंतीनिमित्त रात्रीची कबड्डी स्पर्धा झाली. तिथले बहुतेक फोटो हलले, उरलेल्यांत दाणे (बारीक ठिपक्यांची खरखर) आले, मंडळाने एकही घेतला नाही. दुकानदार म्हणाला, 'या कॅमेऱ्यात स्पोर्ट्स होतच नाही.' त्याने मिररलेस कॅनन आर७ आणि १००-४०० लेन्स सुचवली. कार्ड, जादा बॅटरी, बॅग धरून हिशेब सव्वादोन लाखांवर गेला. ती पाच हजार ॲडव्हान्स देऊनही आली आहे. मामा म्हणतात, लग्नाला आहे तो कॅमेरा पुरतो, माझ्याकडे पैसे मागू नको. आई म्हणते, माझ्या पाटल्या सोनेतारणात ठेव, पण घे. शेवटी प्रश्न असा : 'पाटल्या ठेवून हाच घेऊन टाकू, की फुल फ्रेमसाठी आणखी थांबू? भारी कॅमेरा असल्याशिवाय मैदानावर आपल्याला कुणी विचारत नाही, हे मला कळून चुकलंय.' सोबत चार फोटो पाठवले आहेत.

तू माझ्यापेक्षा बरीच धाकटी आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

पत्र एकदा वाचलं. फोटो मात्र मोठे करून बराच वेळ बघत बसलो, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

पहिल्या फोटोत चढाईला गेलेला गडी मध्यरेषेकडे झेपावलाय आणि मागून एकाने त्याचा घोटा धरलाय. झेपावणाऱ्याचा हात म्हणजे नुसता पांढुरका पट्टा. पण घोटा धरणाऱ्याची मूठ बघ. नखातली माती दिसेल इतकी ती स्वच्छ आली आहे. म्हणजे फोकस बरोबर जागी होता. मागच्या फ्लेक्सवरची अक्षरंही सरळ आहेत, म्हणजे तुझा हातही हलला नाही. हलला तो फक्त गडी. असं झालं की शटरचा वेग कमी पडला असं समजायचं. फाइलमधली माहिती काढली तर आकडेही तेच सांगतात : एफ/५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं), आयएसओ ६४०० (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील), शटर १/१६० (सेकंदाचा एकशे साठावा भाग). झेपावणारा हात थांबवायला १/१६० पुरत नाही. कबड्डीला निदान १/५०० तरी हवं, १/१००० मिळालं तर उत्तम. दुसऱ्या फोटोचं दुखणंही हेच.

तिसऱ्याचं मात्र वेगळं आहे. त्यात सातही गडी मऊ आलेत आणि मागे शेंगा खात बसलेले टोपीवाले आजोबा एकदम टकाटक. फोकसचा बिंदू दोन गड्यांच्या फटीतून मागे निसटला. कॅमेरा बदलून हे आपोआप सुधारेल असं धरून चालू नकोस, त्याच्यावर पुढे बोलू.

आणि चौथा. दुपारच्या उन्हातला खो-खो. आक्रमण करणारी मुलगी खांबाला वळसा घेऊन सूर मारतेय, धावणारी तिच्या बोटांपासून चार बोटं पुढे, पायाखालची माती हवेत दाण्यादाण्याने दिसतेय. एफ/५.६, आयएसओ २००, शटर १/१६००. हा फोटो कुठल्याही दैनिकाच्या क्रीडा पानावर चालला असता. कॅमेरा तोच, लेन्स तीच, हात तोच. मग 'या कॅमेऱ्यात स्पोर्ट्स होतच नाही' हे वाक्य कितपत खरं धरायचं? रात्रीचं स्पोर्ट्स या लेन्समध्ये होत नाही, एवढंच खरं आहे.

तुझ्या ५५-२५० ला लांब टोकाला एफ/५.६ च्या पलीकडे उघडता येत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि तितका प्रकाश आत. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलं की प्रकाश चौपट होतो. त्याच मैदानावर, त्याच दिव्यांखाली, त्याच आयएसओला तुझं १/१६० हे १/६४० होतं. एफ/१.८ च्या लेन्सला तर ते १/१५०० पर्यंत जातं. एफ/२ वर थांबून आयएसओ ३२०० वर आणलास तरी १/६४० हाती राहतं, शिवाय दाणे कमी होतात. कॅमेरा न बदलता!

आता दुकानदाराने लिहून दिलेली लेन्स बघ. आरएफ १००-४०० ही लेन्स एफ/५.६ ते ८ आहे. सुरुवातीलाच ५.६, आणि ४०० च्या टोकाला थेट एफ/८. तुझी अडचण रात्रीच्या उजेडाची, आणि दोन लाख मोजून तू घेणार आहेस ती लेन्स आत्ताच्या लेन्सपेक्षा कमी प्रकाश आत घेणारी. उन्हात पक्षी टिपायला, दिवसाच्या क्रिकेटला ती छान आहे, हलकीही आहे. तुझ्या जयंतीच्या कबड्डीला ती चालायची नाही. दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. 'स्पोर्ट्स' म्हटलं की लांबची लेन्स काढून द्यायची, असा बहुतेक काउंटरवरचा रिवाजच आहे.

आर७ कॅमेरा मात्र खरोखर चांगला आहे, तेही सांगायला हवं. तुझा १५००डी सेकंदाला तीन फोटो काढतो, आर७ मेकॅनिकल शटरला पंधरा. तुझ्याकडे फोकसचे नऊ बिंदू, त्यातला एकटा मधला भरवशाचा. आर७ माणूस ओळखून त्याच्या डोळ्याला चिकटून राहतो. आयएसओ १२८०० ला तो बऱ्यापैकी निभावतो. पण त्या लेन्ससकट तेवढं करूनही शटर जाईल १/३२० पर्यंत, आणि तेही लेन्स आखूड टोकाला ठेवलीस तर. म्हणजे हात पुन्हा पट्टाच येणार, फक्त सेकंदाला पंधरा पट्टे.

फुल फ्रेमचंही थोडक्यात. फोटो टिपणारा सेन्सर मोठा म्हणून त्याच आयएसओला दाणे कमी येतात; फरक साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). एफ/५.६ वरून २.८ वर गेलीस तर मिळतात दोन स्टॉप, १.८ वर गेलीस तर तीनाच्या वर. शिवाय फुल फ्रेमवर २५० मिमीची लेन्स २५० च राहते, आत्ता तुझ्या लहान सेन्सरच्या १.६ क्रॉपमुळे ती ४०० सारखी दिसते तो फायदा जातो. तेव्हा त्यासाठी थांबून राहायचं कारण मला दिसत नाही.

आता मूळ गोष्टीकडे. टीव्हीवर बाउंड्रीलाइनबाहेर फोटोग्राफरांची रांग आणि हातभर लांबीच्या पांढऱ्या लेन्स दिसतात. ४०० मिमी एफ/२.८ ची तसली एक लेन्स दहा लाखांच्या घरात किंवा वर जाते. ती माणसं एवढा पैसा घालतात, कारण त्यांना खेळापासून पन्नास-साठ मीटर लांब बसवलेलं असतं. तुला कोण लांब बसवतंय? तालुक्याच्या स्पर्धेत पंचांना नमस्कार केला, आयोजकांना सांगितलं, की लॉबीला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याला, लागून बसायला मिळतं. आपल्याकडच्या मैदानांवर फोटोग्राफरला मिळणारी ही सगळ्यात मोठी सवलत आहे आणि तिचा फायदा घेणारे मी फार कमी पाहतो. व्यासपीठाजवळच्या खुर्चीत बसून झूम ताणत राहतात.

कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. बाजूरेषेच्या बाहेर, मध्यरेषेपासून तीन-साडेतीन मीटर मागे, मांडी घालून बस. तिथून मध्यरेषेचा मध्य साधारण आठ मीटरवर येतो. एवढ्यावरून ५० मिमी लेन्समध्ये तुझ्या कॅमेऱ्यावर साडेतीन मीटर रुंदीचा तुकडा बसतो आणि ८५ मिमीमध्ये दोन मीटरच्या जरा वर. परत येणारा चढाईपटू तुझ्या दिशेने झेपावतो. चेहरा, ताणलेला हात, मागे लोंबकळणारे दोघे, सगळं समोर. पुढची चढाई दुसऱ्या संघाची, तो गडी तुझ्या बाजूला शिरतो आणि पकड तुझ्यापासून चार-पाच मीटरवर होते. प्रत्येक चढाई ३० सेकंदांची, त्यामुळे धावपळ करायची गरजच पडत नाही. जागा सोडू नकोस, खेळ आलटूनपालटून तुझ्याकडे येतोच.

म्हणून माझं मत विचारशील तर पहिली खरेदी ८५ मिमी एफ/१.८ ची. कॅननची जुनी ईएफ ८५ एफ/१.८ यूएसएम तुझ्या कॅमेऱ्याला सरळ बसते, तिचं फोकस चपळ आहे, वजन अर्ध्या किलोच्याही आत. वापरलेली चांगली मिळाली तर त्या सव्वादोन लाखांच्या साधारण दहाव्या हिश्शात काम होतं. तेवढंही आत्ता जमत नसेल तर ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घे. ती नवीनच दहा-बारा हजारांच्या आतबाहेर मिळते, लग्नातही उपयोगी पडते, त्यामुळे मामांनाही पटेल. फोकस ८५ पेक्षा सावकाश आहे, एवढं धरून चाल.

या लेन्सची एक खोड आधीच सांगतो. आठ मीटरवर ८५ ला एफ/२ ठेवलंस तर खोलीला जेमतेम दोन फूट जागा फोकसमध्ये राहते. चढाईपटू टकाटक, साखळीतले बाकीचे मऊ. फ्लेक्स आणि खुर्च्यांची गर्दी पुसली जाते हे चांगलंच, पण फोकस चुकला तर लपवायला जागा नाही. त्यामुळे तुझा तिसरा फोटो का बिघडला ते आधी सुधारायला हवं. फोकसचा एकच बिंदू ठेव, मधला. मोड एआय सर्वो, म्हणजे हलत्या माणसावर फोकस धरून ठेवणारा. मेनूतल्या कस्टम फंक्शनमध्ये शटर आणि एई लॉक (एक्स्पोजर धरून ठेवणाऱ्या) बटणाची अदलाबदल करता येते. फोकस अंगठ्याखालच्या चांदणीच्या बटणावर घे. मग अंगठ्याने गड्याच्या छातीवर फोकस धरून ठेवायचा, मध्ये कुणी आडवं आलं की अंगठा उचलायचा, आणि बोटाचं काम फक्त फोटो काढणं. पहिले दोन-चार सामने हात गोंधळेल, वैताग येईल. रेटून धर. एक्स्पोजर मॅन्युअल ठेव, आयएसओ ऑटो आणि त्याची मर्यादा ६४००. लेन्समधलं स्टॅबिलायझर हाताचं थरथरणं थांबवतं, गड्याचं धावणं नाही, तेव्हा केवळ त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नकोस.

रात्रीच्या सामन्यात आणखी एक गोष्ट तुला छळेल : ओळीने काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळा. तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हॅलाइडचे आणि स्वस्त एलईडीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात, आणि वेगवान शटर त्यातला एखादाच क्षण पकडतं. काही कॅमेऱ्यांत यावर अँटी-फ्लिकरची सोय असते, तुझ्यात नाही. उपाय एकच, प्रत्येक झेपेला दोन-तीन फोटो जास्त काढायचे आणि काळपट आलेले टाकून द्यायचे.

दिवसाच्या खेळांना काहीही घेऊ नकोस. खरंच. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तुझी ५५-२५० एफ/५.६ ला आयएसओ २०० वर १/२००० देते, संध्याकाळी पाचला आयएसओ ८०० वर १/१००० मिळतं. शालेय स्पर्धा बहुतेक दिवसाच होतात, आणि खो-खोत तर तुझ्याकडे असं काही आहे जे दुकानात मिळत नाही. आक्रमण करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, दुसऱ्या बाजूला जायचं तर खो द्यायचा नाहीतर खांबाला वळसा घालायचा. तू खेळलेली आहेस. कोण उठणार, खो खोटा की खरा, सूर कुठे पडणार, हे तुला कॅमेरा वर उचलण्याआधी कळतं. सेकंदाला पंधरा फोटो काढणाऱ्या पण खेळ न कळणाऱ्या माणसापेक्षा तुझा एक फोटो वेळेवर येईल. चौथा फोटो तसाच आलाय. धाराशिवचा खो-खो म्हणजे लहान गोष्ट नाही. इथल्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकला. पुढची मुलगी तुझ्याच तालुक्याच्या मैदानावर सूर मारत असेल आणि तिचा आजचा नीट फोटो कुणाकडेच नसेल, अशी आत्ताची गत आहे.

कुस्तीचं वेगळं. यात्रेतल्या फडात दुपारच्या जोड्या तुला आहे त्या लेन्समध्ये मिळतील, पण मानाची कुस्ती लागते तेव्हा दिवस मावळलेला असतो. तिथे पुन्हा ८५ किंवा ५० च. हलगी वाढली की डाव जवळ आलाय, एवढं कानाला कळलं तरी पुरे.

७०-२०० एफ/२.८ चा मोह तुला होईल, व्हायलाही हवा, रात्रीच्या खो-खोला त्याच्यासारखी लेन्स नाही. नवीन घ्यायला मात्र दीड-दोन लाखांच्या पुढे जावं लागतं. घेऊ नकोस, भाड्याने आण. आपल्याकडचं वेळापत्रक इथे तुझ्या मदतीला येतं. लग्नवाल्या फोटोग्राफरांकडे ही लेन्स सर्रास असते, आणि आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसल्याने ती कपाटात पडून राहते. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका त्याच दिवसांत, पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे संपणारा. लातूरला, संभाजीनगरला, सोलापूरला तुमच्या धंद्यातले ओळखीचे असतीलच. मामांच्या शब्दावर दिवसाच्या भाड्याने मिळेल. घेताना आणि देताना लेन्सचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेव, पुढची कटकट वाचते. चैत्र-वैशाखातल्या यात्रांना आणि जयंत्यांना मात्र ती मिळणार नाही, तेव्हा प्रत्येकाची लेन्स लग्नात असते. त्या रात्री स्वतःच्या ८५ वर काढायच्या.

वर्षभर असं काम केलंस आणि तीन फोटोंचा वेग खरोखर आडवा येतोय असं वाटलं, तर मग बॉडीचा, म्हणजे नव्या कॅमेऱ्याचा, विचार. तेव्हाही वापरलेला कॅनन ७डी मार्क टू बघ : २०१४ चा आहे, सेकंदाला दहा फोटो, फोकसचे ६५ बिंदू, अँटी-फ्लिकरसकट. किंवा ८०डी, सेकंदाला सात, बिंदू ४५. तुझ्या ईएफ लेन्स दोन्हींना चालतात. पुढे कधी आर७ घेतलास तरी अडॅप्टर लावून ८५ तिथेही चालेल, म्हणजे आज लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

वापरलेली लेन्स घेताना तिच्या मागून मोबाइलची टॉर्च टाकून पुढून तिरकं बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडून दे. चार धुळीचे कण असतील तर काही बिघडत नाही. स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, पूर्ण उघडून, चालत येणाऱ्या माणसाचे वीस-पंचवीस फोटो काढ आणि घरी नाही, तिथेच मोठे करून बघ. बॉडी असेल तर शटर किती पडलंय, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते विचार. ७डी मार्क टूचं शटर दोन लाख फोटोंसाठी, ८०डीचं एक लाख फोटोंसाठी बनवलेलं सांगतात. बिलाशिवायची 'इंपोर्टेड' वस्तू स्वस्त दिसते, पण तिला इथली वॉरंटी नसते.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येतो, की भारी कॅमेऱ्याशिवाय कुणी विचारत नाही. मंडळाने तुझे फोटो का घेतले नाहीत? हललेले होते म्हणून. कॅमेरा लहान होता म्हणून नाही. मी वर्तमानपत्रात होतो तेव्हापासून बघतोय, आयोजकाला हवा असतो करंडक उंचावलेला फोटो, मागे फ्लेक्स नीट वाचता येईल असा, आणि तो त्याच रात्री मोबाइलवर. सकाळी नऊला पाठवलेल्या उत्तम फोटोला कुणी विचारत नाही. तुझ्या १५००डीमध्ये वाय-फाय आहे. मध्यंतरात पाच फोटो मोबाइलवर घेऊन मंडळाच्या ग्रुपवर टाक, एक स्थानिक वार्ताहराला दे, नाव छापायला सांग. पुढच्या वर्षी बोलावणं त्यातून येईल.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. आपल्या भागात निव्वळ खेळाच्या फोटोंवर घर चालवणारा माणूस मला तरी माहीत नाही. दैनिकं किरकोळ देतात, मंडळं शाल-श्रीफळावर भागवतात. थोडा पैसा खेळाडूंकडून आणि क्लबकडून येतो, संघाचा फोटो, निवड झालेल्या मुलीचा फ्लेक्स, असा. सोनेतारणाचं व्याज मात्र स्पर्धा असो वा नसो चढत राहतं, आणि थकलं तर नोटीस येते. लग्नाच्या सीझनमधून तुझ्या वाट्याला जे येतं त्यातून जेवढं होईल तेवढंच या नादात घाल, निदान पहिलं वर्ष. आईला सांग, पाटल्या नकोत म्हणून नाही, आत्ता त्यांचं काम नाही म्हणून. दुकानदार ॲडव्हान्स रोख परत करायला खळखळ करेल. भांडू नकोस, पावती घेऊन जा आणि त्या पाच हजारांत वरचे घालून ५० मिमी किंवा त्याच्याकडे असेल तर वापरलेली ८५ वळती करून माग. बहुतेक जण एवढ्याला तयार होतात.

मुलींच्या सामन्यांबद्दल एकच. शाळकरी मुलींचे फोटो टाकण्याआधी त्यांच्या प्रशिक्षकांना विचार, आणि कपडे सरकलेला, अवघडलेला फोटो कितीही जोरदार असला तरी कार्डवरच पुसून टाक. तू स्वतः खेळाडू होतीस, तुला जास्त सांगायला नको. तू स्वतः मुलगी आहेस, त्यामुळे पालक तुला जिथे बसू देतील तिथे आम्हा पुरुषांना बसू देणार नाहीत, हेही लक्षात ठेव.

धुळीची काळजी घे. मैदानावर लेन्स बदलूच नकोस, जी लावून गेलीस ती सामना संपेपर्यंत. बदलायचीच वेळ आली तर कॅमेरा तोंड खाली करून, वाऱ्याकडे पाठ करून. मेच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत बॅग ठेवून जेवायला जाऊ नकोस. पावसासाठी रबरबँड आणि जाड प्लॅस्टिक पिशवी पुरते.

याच विषयावर आणखी दोन पत्रं आहेत, त्यांना इथेच उत्तर देतो. परभणीकडच्या एका क्रीडा शिक्षकांना शाळेसाठी घेतलेल्या निकॉन डी५६०० वर कुणीतरी जुनी ८०-२०० एफ/२.८ एएफ-डी लेन्स स्वस्तात देतोय. सर, घेऊ नका. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्स त्यावर हातानेच फोकस करावी लागेल आणि धावत्या मुलांवर ते जमणार नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं आहे का तेवढं बघा. आष्टीकडच्या एका पालकांनी विचारलंय, मुलगी तीन हजार मीटर धावते, तिच्यासाठी मोबाइल पुरेल का. दिवसा, कडेला उभं राहून, पुरेल. झूम करू नका, तुम्हीच वळणाच्या आतल्या बाजूला जा, परवानगी घेऊन. शेवटच्या फेरीत चेहऱ्यावर जे येतं ते तिथून दिसतं.